कॉलमचं फायबर रॅपिंग सुटतंय? आधी नाणं घ्या, ग्राइंडर नंतर

गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे कुठल्यातरी सोसायटीचे सेक्रेटरी असतात. "अहो, कॉलमला ते काळं कापड गुंडाळलं होतं ना, ते फुगलंय." तीन महिन्यांचा पाऊस मुरलेला असतो, पार्किंगमधला मांडव निघालेला असतो, आणि झालरीमागे झाकलेले कॉलम दहा-बारा दिवसांनी पहिल्यांदा उजेडात येतात.

मी तेरा वर्षं पुण्यात फायबर रॅपिंगची कामं करतोय. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी, सिंहगड रस्ता, म्हणजे जिथे जुन्या तीन-चार मजली सोसायट्या अजून उभ्या आहेत तिथे. आहे ती इमारत पाडायची नाही, कॉलम-बीमला कार्बन किंवा ग्लास फायबरचं कापड इपॉक्सीत (हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या गोंदात) भिजवून चिकटवायचं आणि आणखी वीस-पंचवीस वर्षं काढायची, हा यामागचा हिशोब. नवं सिमेंट, नवं स्टील, पाडकामाचा राडारोडा, सगळंच वाचतं. पण कार्बन फायबर तयार होताना भट्टी हजार अंशांच्या वर तापवावी लागते आणि इपॉक्सी येतं पेट्रोलियमपासून. लावलेलं पाच वर्षांत उचकटून पुन्हा लावायची वेळ आली, तर पैसा गेला तो गेलाच, पर्यावरणाच्या नावाने मिरवण्यासारखंही काही उरलं नाही.

आणि तशी वेळ येते. उघडून बघितलं की दोष जवळजवळ कधीच फायबरचा नसतो. तो मागच्या ओल्या काँक्रीटचा, घाईत लावलेल्या इपॉक्सीचा किंवा आत गंजत बसलेल्या सळईचा असतो. पण लोक फायबर बदलायला सांगतात, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच होतं, आणि फोन पुन्हा मला येतो.

लक्षणं

यातलं एकही दिसलं तर पुढचं वाचा:

- रंग किंवा प्लास्टरचा पोपडा निघून आतलं काळं (कार्बन) किंवा पिवळसर-पांढरं (ग्लास) कापड दिसतंय
- हात फिरवला तर कुठेतरी फुगा लागतो, दाबला तर किंचित आत जातो
- कापडाची कड किंवा जोड उचलला गेलाय
- जोडातून किंवा कॉलमच्या पायाशी तांबूस पाण्याचे ओघळ आलेत
- कापडाच्या कडेला पांढरी पूड साचलीय
- बाहेरच्या कॉलमवर इपॉक्सी पिवळी पडून खडूसारखी हाताला लागतेय
- कॉलमच्या चार कोपऱ्यांपैकी एखाद्यावर उभी चीर आहे

शेवटचं लक्षण आणि तांबूस ओघळ ही दोन मी गंभीर मानतो. बाकीची बघून घाबरायचं कारण नाही, निदान लगेच तरी नाही.

सुटलंय ते नक्की काय? (खर्च शून्य)

मला येणाऱ्या तक्रारींत बऱ्याच खोट्या निघतात. फायबर जागेवर घट्ट असतं, पडलेलं असतं ते त्यावरचं प्लास्टर. इपॉक्सी सुकली की काचेसारखी गुळगुळीत होते आणि काचेवर प्लास्टर धरत नाही. म्हणून शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी, जाडसर वाळू भुरभुरायची असते. ती खरखरीत धार प्लास्टर धरून ठेवते. कुणी वाळू मारायचं विसरलं की वर्षा-दोन वर्षांत प्लास्टरची सबंध चादर खाली येते, एखाद्याच्या गाडीवर पडते आणि "बिल्डिंग खचली" असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो.

तेव्हा पडलेला तुकडा उचला आणि त्याची मागची बाजू बघा. ती गुळगुळीत, चकचकीत असेल तर प्लास्टर फायबरवरून निसटलंय. ते दिसायला वाईट, पण कॉलमला धोका नाही. फायबर नुसतं सँडपेपरने घासून, वाळू चिकटवून पुन्हा प्लास्टर करता येतं. तुकड्याच्या मागे कापडाचे धागे आले असतील तर गोष्ट वेगळी. आणि कापडासकट काँक्रीटचा थरही आला असेल तर काँक्रीटच दुबळं आहे. अशा वेळी तो तुकडा टाकू नका. पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा, इंजिनिअरला त्याच्याइतका चांगला पुरावा मिळणार नाही.

याच फेरीत भोकं मोजा. सीसीटीव्हीवाला, केबलवाला, इलेक्ट्रिशियन, सायकलचं स्टँड ठोकणारा, कुणीही रॅपमध्ये ड्रिल मारतं. कॉलमभोवतीचं फायबर कंबरपट्ट्यासारखं काम करतं, आडवे धागे कॉलमला आवळून धरतात. उभी खाच मारली की ते सगळे धागे एकाच रेषेत तुटतात. एकदा मी विजेचा पाईप पुरण्यासाठी रॅपमध्ये कटरने मारलेली सव्वा मीटरची सरळ खाच बघितलीय. वर पुट्टी, वर रंग, काम अगदी सुबक. माझ्या दृष्टीने तो कॉलम त्या दिवसापासून बिनारॅपचा होता.

अंगठा आणि दहाचं नाणं (खर्च दहा रुपये, तेही परत मिळतात)

आधी अंगठा. कॉलमच्या कोपऱ्यावरून वरून खाली फिरवा. कोपरा गोलसर लागला पाहिजे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या ४४०.२आर या मार्गदर्शिकेत, जिच्यावर आपल्याकडचे बहुतेक सल्लागार विसंबतात, कोपऱ्याची त्रिज्या निदान १३ मिमी सांगितली आहे. मी २० च्या खाली जात नाही. धारदार कोपऱ्यावर कापड ताणलं की तिथे धागे तुटतात आणि कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना हवा राहते. ती हवा म्हणजे पुढच्या पाण्याची जागा.

मग नाणं. दहाचं नाणं चिमटीत धरून कडेने हलकेच टकटक करत जा. पायापासून सुरुवात, वितभर अंतराने ओळी, एक बाजू पूर्ण झाली की दुसरी. घट्ट जागी आवाज 'टण्' येतो, वर जातो. पोकळ जागी 'बद्' येतो, पत्र्याच्या डब्यावर ओलं फडकं टाकून वाजवल्यासारखा. माझ्याकडचे एक मामा डोळे मिटून वाजवतात. म्हणतात, डोळे उघडे असले की कान आळशी होतात. रस्त्यावरची वाहतूक थांबलेली असेल तेव्हा, म्हणजे पहाटे, हे काम करा. सिंहगड रस्त्यावर सकाळी नऊ वाजता नाणं वाजवण्यात काही अर्थ नाही.

जिथे बद्द वाजेल तिथे खडूने सीमा आखा, आत तारीख लिहा, फोटो काढा. आता माप. त्याच मार्गदर्शिकेनुसार १,३०० चौ. मिमीपेक्षा लहान पोकळी, म्हणजे दहाची दोन नाणी शेजारी ठेवली तर साधारण तेवढी, चालते. अट अशी की सगळ्या पोकळ्या मिळून क्षेत्र रॅपच्या एकूण क्षेत्राच्या ५ टक्क्यांच्या आत हवं आणि चौरस मीटरला असे दहापेक्षा जास्त फुगे नकोत. १६,००० चौ. मिमीपेक्षा मोठी, साधारण हाताच्या पंजाएवढी पोकळी असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पॅच लावायचा. मधल्या मापाच्या पोकळीत सुईने इपॉक्सी भरता येते.

इथे एक फरक लक्षात ठेवा, भल्याभल्या कंत्राटदारांना तो माहीत नसतो. कॉलमला सगळीकडून गुंडाळलेलं फायबर मुख्यतः आवळून काम करतं, त्यामुळे छोटा फुगा तिथे एकवेळ सोसतो. बीमच्या किंवा स्लॅबच्या पोटाला लावलेली पट्टी मात्र फक्त चिकटण्यावर जगते. तिची टोकं बद्द वाजत असतील तर मी नाणं खिशात टाकतो आणि इंजिनिअरला फोन लावतो, कारण पट्टी सुटायला टोकापासून सुरुवात झाली की ती चेन उघडावी तशी मध्याकडे सुटत जाते.

पाणी कुठून येतंय? (खर्च एक दिवस आणि एक-दोन भांडणं)

या पोस्टमधलं एकच वाचायचं असेल तर हे वाचा.

सिंहगड रस्त्यालगतची एक सोसायटी, पार्किंगमधला कोपऱ्यातला कॉलम. सहा वर्षांत दोनदा रॅप झालेला, दोन वेगळ्या लोकांकडून. मी गेलो तेव्हा जमिनीपासून छातीपर्यंत तीन बाजू बद्द वाजत होत्या. सल्लागार इंजिनिअर समोर उभे असताना खालच्या कडेला छोटी खिडकी कापली. आधी काही झालं नाही. मग छिन्नीचं टोक आत गेलं आणि चहाच्या रंगाचं पाणी कॉलमवरून ओघळत माझ्या बुटावर आलं. पेलाभर असेल. त्याला साबणाचा वास होता.

साबणाचा वास म्हणजे पावसाचं पाणी नव्हे. कमिटी सहा वर्षं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर खर्च करत होती आणि पाणी येत होतं तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून. नहाणी ट्रॅपभोवतीचं सिमेंट निघालेलं. ते पाणी कॉलमच्या आतून, सळईच्या कडेकडेने खाली उतरायचं. एरवी ते कॉलमच्या अंगातून पाझरून वाळून गेलं असतं. पण इपॉक्सीत भिजलेलं कापड म्हणजे कॉलमला घातलेला रेनकोट. बाहेरचं पाणी आत जात नाही हे खरं, तसंच आतलं बाहेरही येत नाही. मागून रेटा बसत राहतो, चिकट जागा सुटत जाते आणि सळईला गंजायला ओल बारा महिने मिळते.

म्हणून रॅपला हात लावायच्या आधी पाणी शोधा. कॉलमच्या वरच्या प्रत्येक मजल्यावर बाथरूम, ड्राय बाल्कनी, डक्ट बघा. नहाणी ट्रॅप कापडाच्या बोळ्याने बंद करा, दोन इंच पाणी भरा, त्यात चमचाभर खाण्याचा लाल रंग टाका आणि २४ तास राहू द्या. एका वेळी एकच बाथरूम, नाहीतर रंग कुणाचा यावरून वाद. पाणी कुठल्याच बाथरूमचं नसेल तर गच्चीचं वॉटर आऊटलेट, पावसाचा उभा पाईप, आणि जमिनीखालच्या टाकीची भिंत.

कॉलमच्या पायाशी ओल असेल तर पार्किंगचा उतार बघा. गाड्या धुतल्याचं पाणी कॉलमकडे वाहत असेल तर दोष फायबरचा नाही, फरशी घालणाऱ्याचा आहे.

काँक्रीट अजून ओलं आहे का हे बघायला रॅप नसलेल्या भागावर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि रात्रभर, निदान सोळा तास, ठेवा. सकाळी आतून दव धरलेलं दिसलं किंवा काँक्रीट गडद झालेलं दिसलं तर अजून थांबायचं. त्या सोसायटीत गळती बंद केल्यावर कॉलम वाळायला आम्ही सव्वादोन महिने थांबलो. कमिटीला ते पटेना. नवरात्र, दिवाळी गेली, "काम कधी सुरू करताय" चालूच. मी प्लास्टिक लावून दाखवत राहिलो.

ऊन

हे थोडक्यात, कारण पार्किंगमधल्या कॉलमला याचा त्रास नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीखालचे कॉलम, पश्चिमेच्या बाल्कन्या, जिन्याचा बाहेरचा बीम, इथे बघा. इपॉक्सीला अतिनील किरण चालत नाहीत, ती पिवळी पडते आणि वरून पूड होत जाते. कार्बनचा धागा उन्हाला भीत नाही, त्याला धरून ठेवणारी इपॉक्सी भिते. उपाय स्वस्त आहे: ऊन अडवणारा चांगल्या प्रतीचा बाहेरचा रंग, आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा. रंग फिका घ्या. साइटवर साध्या हवेत सुकवलेल्या इपॉक्सी बहुधा ६० ते ८० अंशांच्या टप्प्यात मऊ पडायला लागतात. एप्रिलमध्ये पश्चिमेचा काळा पृष्ठभाग हाताला किती भाजतो ते बघा, म्हणजे फिका रंग का म्हणतोय ते कळेल.

फाईल काढा

कामाची तारीख शोधा. ती जून ते सप्टेंबरमधली असेल तर माझी भुवई वर जाते.

याचं कारण माझीच एक चूक. एका जुलैत औंधच्या एका कामावर कमिटी म्हणाली, गणपतीच्या आत संपवा. मी हो म्हणालो. पृष्ठभाग पुसला, कोरडा दिसला, पहिला हात मारला. दुसऱ्या दिवशी त्यावर बोट फिरवलं तर मेणचट लागलं. मी थिनरने पुसून वर दुसरा थर लावला. चार महिन्यांनी दोन थर एकमेकांपासून कागदासारखे वेगळे झाले. दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर तो मेणचट पापुद्रा धरतं. तो थिनरने जात नाही, फक्त पसरतो. कोमट पाणी आणि घासणी लागते, मग पूर्ण वाळवून सँडपेपर. ते काम मी स्वखर्चाने पुन्हा केलं.

नियम असा आहे की काँक्रीटचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं त्या तापमानापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवं. पुण्यात जुलैमध्ये हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २२ च्या वर असतो. म्हणजे कॉलम २५ च्या पुढे हवा. तो असतो हवेइतकाच, सावलीतला असेल तर कमीच. डोळ्यांना न दिसणारी ओल तिथे धरलेली असते.

फाईलमध्ये आणखी बघायचं: कापड कार्बन की ग्लास, किती थर, इपॉक्सी आणि हार्डनरचं प्रमाण, मिश्रण वजन करून केलं की डब्याच्या अंदाजाने. 'अंदाजे' हा शब्द मिस्त्रीच्या तोंडून निघाला की समजायचं. हार्डनर कमी-जास्त झालं तर इपॉक्सी कधीच पुरती घट्ट होत नाही. उघड्या जागी नखाने दाबून बघा, वण उठला नाही पाहिजे. कापसाच्या बोळ्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन अर्धा मिनिट घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर मिश्रण बिघडलेलं आहे, आणि याला दुरुस्ती नाही, ते सगळं काढावं लागतं.

ग्लास निघालं आणि जागा ओली असेल तर जास्त सावध व्हा. ओल्या काँक्रीटचा सामू १२-१३ असतो आणि साधी काच अल्कलीत झिजते. मार्गदर्शिका बाहेरच्या उघड्या जागेसाठी कार्बनच्या ताकदीचे ८५ टक्के धरायला देते, ग्लासच्या ६५ टक्के, आणि आक्रमक वातावरणात ग्लासच्या फक्त ५० टक्के. ग्लास स्वस्त पडतं म्हणून सगळीकडे लावणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा वाचावा. उलट कार्बनची वेगळी खोड: तो वीज वाहतो. उघड्या सळईला थेट टेकला तर सळई जास्त वेगाने गंजते. म्हणून मध्ये ग्लासचा एक थर किंवा इपॉक्सीची पुरती जाडी हवी.

इथून पुढे यंत्रं, आणि ती तुमची नव्हेत

वरचं सगळं कमिटीतल्या दोन उत्साही माणसांना रविवारी करता येतं. यानंतरच्या तपासण्या प्रयोगशाळेच्या माणसाकडून करून घ्यायच्या. तरी त्या काय सांगतात ते माहीत असावं, म्हणजे अहवाल हातात आल्यावर नुसती शेवटची ओळ वाचली जात नाही.

ओढ तपासणी: रॅपवर ५० मिमीची धातूची चकती चिकटवतात, भोवती काँक्रीटपर्यंत काप घेतात आणि यंत्राने सरळ बाहेर ओढतात. निदान १.४ मेगापास्कल आलं पाहिजे. त्या चकतीवर हा ओढा साधारण २८० किलोचा होतो. पण आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे ते कुठून तुटलं. चकतीला काँक्रीटचा लपका चिकटून आला तर उत्तम, चिकटण्याने काँक्रीटला हरवलं. चकतीमागे इपॉक्सीचा स्वच्छ आरसा आला तर पृष्ठभागाची तयारी झाली नव्हती, ग्राइंडर नीट फिरला नव्हता किंवा धूळ राहिली होती. काँक्रीटच फार कमी आकड्यावर सुटलं तर तिथे फायबर लावायलाच नको होतं. १७ मेगापास्कलपेक्षा कमी दाबशक्तीच्या काँक्रीटवर चिकटण्याच्या भरवशाचं फायबर लावू नये, असं मार्गदर्शिकाच सांगते.

मग सळई. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गर्द गुलाबी झालं तर काँक्रीटची अल्कली, म्हणजे सळईचं गंजापासूनचं कवच, शाबूत आहे. रंग आला नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचलाय. हा बिनरंगी पट्टा सळईपर्यंत गेला की तिचं कवच संपलं. जोडीला हाफ-सेल तपासणी, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणं, तिच्यात उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उणे आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आतून काँक्रीट फोडतो आणि रॅपला ढकलतो. अशा कॉलमवर वरून तिसरा, चौथा थर चढवणं म्हणजे गळवावर पट्टी बांधणं. आधी सळई उघडी करून साफ करायची, कमी झाली असेल तर जोड द्यायची, मायक्रो काँक्रीटने भरायचं, आणि मगच फायबर.

थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा

पुढचं काहीही दिसलं तर नाणं, खडू, लाल रंग सगळं बाजूला ठेवा.

कॉलमच्या कोपऱ्यावर उभी चीर, किंवा रॅप फाटलेला. बीम-कॉलमच्या सांध्यात तिरकी चीर. बीमच्या पोटाची पट्टी टोकाला सुटलेली. वरच्या मजल्यावर दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्या. गाडीची जोरात धडक बसली. कॉलमजवळ आग लागली, दुचाकी जळली असेल तरीही, कारण इपॉक्सी आगीपुढे टिकत नाही आणि वरून काजळी पुसली तरी आतलं चिकटणं गेलेलं असू शकतं. आणि पोकळ क्षेत्र ५ टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर.

चिरेवर पेन्सिलने दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा, त्या कॉलमभोवतीच्या गाड्या हलवा, आणि महापालिकेचा परवाना असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. मी नव्हे, दुसरा कंत्राटदारही नव्हे. आमचं पोट काम निघण्यावर चालतं, त्यामुळे काम आहे की नाही हे आम्हाला विचारू नका. टेकू लावायचे तर तेही इंजिनिअरने सांगितलेल्या जागीच. चुकीच्या जागी घट्ट ठोकलेला टेकू बीमला वर उचलतो आणि नवी चीर पाडतो.

तसंही पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, हे सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत लिहिलेलं आहे. ऑडिट होत असेल तेव्हाच रॅप केलेल्या कॉलमांची ओढ तपासणी त्यात घालून घ्या, वेगळी करण्यापेक्षा स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट स्वतः करू नका: रॅप ग्राइंडरने कापणं. कार्बनची धूळ वीज वाहते, अंगाला टोचते, आणि पार्किंगमध्ये बहुधा त्याच कॉलमच्या बाजूला मीटरचे बोर्ड असतात. आम्ही आधी बोर्ड प्लास्टिकने झाकतो, व्हॅक्युम लावलेलं ग्राइंडर वापरतो, मास्क आणि हातमोजे घालतो. एका ठिकाणी हौशी माणसाने कापलं आणि संध्याकाळी लिफ्टचा पॅनेल बंद पडला. हार्डनर कातडीला लागलं तर काहींना कायमची ॲलर्जी होते. माझ्याकडचा एक चांगला मुलगा त्यामुळे हे काम सोडून गेला.

त्या कोपऱ्यातल्या कॉलमचं पुढे

तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंनी बाथरूम फोडू द्यायला आधी नकार दिला. लाल पाणी पार्किंगमध्ये उतरलेलं स्वतः येऊन बघितलं, तेव्हा तयार झाल्या. ट्रॅप बदलला, डिसेंबरअखेर कॉलम वाळला, दोन सळया अर्ध्याहून जास्त खाल्लेल्या निघाल्या, त्यांना जोड दिली. जानेवारीत ग्लासचा एक आणि कार्बनचे दोन थर, शेवटच्या हातावर वाळू. पायाशी चार इंच जागा मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे पुन्हा कधी ओल आली तर ती आधी तिथे दिसेल. ही जागा इंजिनिअरच्या संमतीशिवाय ठेवायची नसते, आणि सगळ्या कॉलमांना ती चालतही नाही.

त्याच दिवशी त्याच डब्यातल्या इपॉक्सीने फरशीच्या तुकड्यावर कापडाचा एक नमुना लावून ठेवला. तो मीटर रूममध्ये आहे, वर तारीख आणि बॅच नंबर. दाराच्या मागे कॉलमांचा हाताने काढलेला नकाशा चिकटवलाय. मांडव घालायच्या आधीच्या रविवारी सेक्रेटरीकाका आणि दोन पोरं नाणं घेऊन फिरतात आणि बद्द वाजेल तिथे नकाशावर लाल ठिपका देतात. चार वर्षांत त्या कॉलमवर एकच ठिपका आलाय, गुडघ्याच्या उंचीवर, दहाच्या नाण्याहून लहान. समोरच बुलेट लागते, तिच्या फूटरेस्टची उंची नेमकी तेवढीच आहे.